मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय
घरोघरचं औषध : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या खाणाखुणा वाचायला शिकलो. या वेळी चिठ्ठीच नसते तेव्हाची गोष्ट. म्हणजे खरं तर बहुतेक वेळची.

एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये मी बावीस वर्षं काउंटरमागे काढली. सकाळी येणारं गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, थेट माल सांगतं. ‘काका, जुलाबाच्या दोन द्या.’ ‘मागच्या वेळची ती पिवळी गोळी.’ गाडी फलाटाला लागलेली, हातात सुट्टे दहा रुपये. स्ट्रिप कात्रीने कापून पाकिटात सरकवायला पंधरा सेकंद पुरतात. दोन प्रश्न विचारायचे म्हटले तर दोन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात मागचे तिघे शेजारच्या दुकानात वळतात. आमच्या धंद्याची सगळी गोची इथे आहे.

तरी विचारावं लागतं. जुलाबाच्या दोन मागणाऱ्या एका मावशींना मी सहज विचारलं, ‘कुणाला होतंय?’

‘नातवाला.’

‘केवढा आहे?’

‘आता दीड वर्षाचा होईल.’

मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायचा त्यांचा बेत होता. जुलाब थांबवणारी गोळी इतक्या लहान मुलाला द्यायचीच नसते. ती आतड्याची हालचाल मंदावते; जंतू आणि पाणी आतच अडकतं, पोट फुगतं. मोठ्या माणसालाही ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती गोळी नको. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी तर आपल्याकडे शेंगदाण्यासारखी खपते, पण साधे जुलाब बहुतेकदा तिच्याविनाच थांबतात. मावशींना मी ओआरएसची पाकिटं आणि झिंकचं औषध दिलं. झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब तीन दिवसांत थांबले तरी. हे ‘तरी’ दोनदा सांगावं लागतं.

ओआरएसच्या पाकिटाचंही सांगावं लागतं. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते अख्खं एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक ग्लासात चमचाभर टाकतात, उरलेलं मिठासारखं डबीत ठेवतात. मग कधी मीठ जास्त, कधी साखर कमी. या औषधाची सगळी करामत त्या प्रमाणात आहे. ठरावीक ग्लुकोज असलं की आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागे पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे रुग्ण वाचवले. त्याच ओआरएसचं नाव लावून गोड सरबतांचे खोके आमच्याच फळीवर वर्षानुवर्षं उभे होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध आठेक वर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ छापायला मनाई केली.

तापाचं थोडक्यात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून अंगदुखीसाठी वेगळी ६५०ची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जातं, आणि त्याचा भार यकृतावर पडतो. मुलांच्या बाटल्यांत पाच मिलीला १२५ मिलिग्रॅमची एक असते, २५०ची दुसरी; थेंबांचं औषध तर मिलीला १००. त्यामुळे ‘अर्धा चमचा देऊ का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. बाटली आणा, मुलाचं वजन सांगा. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना तापावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मागू नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता ज्याची मला लाज वाटते ते. नायटा.

जांघेत किंवा कमरेवर गोल, लालसर, कडेला खाज असलेला चट्टा आला की माणूस डॉक्टरकडे जात नाही, लाजतो. मेडिकलमध्ये येतो, बायका नाहीत असं बघतो आणि हळूच म्हणतो, ‘दादा, खाजेची ट्यूब.’ ही ट्यूब म्हणजे बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड यांची खिचडी. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज जाते. गिऱ्हाईक खूश, दुसऱ्या महिन्यात तीच ट्यूब मागतं, भावालाही नेतं. आत होतं असं, की स्टिरॉइड त्वचेची झुंज थंड करतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याची कड पुसट होते, तो मांडीवरून पोटावर सरकतो आणि ट्यूब थांबवली की आग लागल्यासारखा उसळतो. जांघेतली कातडी पातळ होऊन भेगांसारखे पांढरट पट्टे उमटतात, ते पुढे जात नाहीत. आज देशभर त्वचारोगतज्ज्ञ चिवट नायट्याने हैराण आहेत, त्यात या ट्यूबचा मोठा हात आहे. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली. त्याआधी मी अशा किती ट्यूब विकल्या, ते मोजलेलं नाही.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती नायट्यावर लावायची नाही. नुसतं बुरशीचं मलम मागा. ते सावकाश काम करतं. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. टॉवेल वेगळा ठेवायचा, आणि घरात आणखी कुणाला असेल तर दोघांनी बरोबरच उपचार घ्यायचे. हे सांगायला चार मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाईक तर ‘बायका नाहीत ना’ एवढ्याच घाईत असतं.

असे प्रश्न आडोशाला विचारायची सोय दुसरीकडे आहे. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून औषधाच्या दुकानांना सात दुखण्यांपुरती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध द्यायची सूट आहे : सायनस, घसादुखी, मुलांची कानदुखी, चिघळलेला कीटकदंश, खपल्या धरणारे इम्पेटिगोचे फोड, नागीण आणि बायकांना होणारी लघवीची जळजळ. फार्मासिस्ट स्वतः तपासतो आणि लागलं तरच अँटिबायोटिकसारखं औषध देतो. पण बायकांच्या लघवीच्या तक्रारीत वय १६ ते ६४च हवं आणि ती गरोदर नको. नाहीतर सरळ डॉक्टरकडे. बोलणं आडोशाच्या खोलीत होतं आणि त्याची नोंद घरच्या डॉक्टरकडे जाते.

आपल्याकडे कायदा याहून कडक आहे. पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ असली की चिठ्ठीशिवाय विक्री नाही. सेफिक्झीमसारख्या औषधांसाठी तर १ मार्च २०१४पासून वेगळं रजिस्टर आहे. त्यात डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. तरी लाल रेघवाली पाकिटं काउंटरवरून कशी जातात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला स्वतःला इंग्लंडची पद्धत आवडते. त्यांनी सूट थोडी दिली आणि तिच्याबरोबर प्रश्न विचारायची सक्ती केली. आपल्याकडे सक्ती फक्त चिठ्ठीची, आणि ती कुणी पाळत नाही.

एक मात्र तुम्ही आजच करू शकता. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच काढून द्यायचं असतं. दुकानात भिंतीवर परवान्याशेजारी त्याचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, बरेचदा फोटोसकट. तो चेहरा काउंटरमागे आहे का ते बघा. असेल तर आधी दुखणं सांगा, कधीपासून आहे ते सांगा, बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची नावं सांगा, आणि मग औषध विचारा. नसेल आणि समोर बारावी झालेलं पोरगं मोबाइल बघत उभं असेल, तर साहेब जेवून कधी येतात तेवढंच विचारा आणि तेव्हा या.

(पुढच्या आठवड्यात : कापलेल्या स्ट्रिपवरची गायब झालेली तारीख)