हळद बाजारातील तेजी-मंदी

शेतमालाच्या भावात अल्पावधीत होणाऱ्या तीव्र चढउतारांचे सांगलीचा हळद बाजार हे ठळक उदाहरण होय. सांगली व सातारा जिल्ह्यांतील कृष्णाकाठी मे-जूनमध्ये लावलेली हळद सु. नऊ महिन्यांनी काढतात; ती शिजवून, वाळवून व घासून बाजारात आणली जाते. त्यामुळे भाव चढला, तरी नवा पुरवठा पुढील हंगामापर्यंत येत नाही. तेजी पाहून लागवड वाढते आणि ते पीक हाती येईतो मंदी सुरू झालेली असते. २०१० मध्ये क्विंटलला १५,००० रुपयांवर गेलेला भाव २०१२ मध्ये ४,००० रुपयांच्या आसपास उतरला, तो बहुतांशी याच क्रमाने.

एका दिवसातील उसळीचा उलगडा मात्र या चक्राने होत नाही. तिचे मूळ शिल्लक साठ्याविषयीच्या अंदाजांत असते. वाळलेली हळद दीर्घकाळ टिकते. सांगलीनजीकच्या हरिपूर येथे ती जमिनीखालील पेवांत साठवीत; २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. साठा पेवात असो वा गोदामात, एकूण माल किती हे कोणा एका व्यापाऱ्यास पुरते ठाऊक नसते. साहजिकच पावसाच्या वा लागवडीच्या एखाद्या वार्तेने सर्वांचे अंदाज एकदम बदलतात.

वायदे बाजारात हे बदल अधिक वेगाने उमटतात. पुढील तारखेस माल देण्या-घेण्याचा करार तेथे किमतीचा अल्प अंश अनामत ठेवून करता येतो. उदा., क्विंटलला १०,००० रुपये दराने पाच टन हळदीच्या सौद्याची किंमत पाच लाख रुपये होते. अनामत १० टक्के असेल, तर खरेदीदार ५०,००० रुपये भरतो; भाव केवळ ५ टक्क्यांनी उतरताच त्यातील निम्मी रक्कम जाते. तूट भरून न काढणाऱ्याचा सौदा विकून टाकावा लागतो, त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि दुसऱ्याची अनामत अपुरी पडते. घसरणीचे खापर केवळ सट्टेबाजांवर फोडणे म्हणूनच अपुरे ठरते. सक्तीने झालेली विक्रीही तितकीच कारणीभूत असते.

सांगलीत हळदीचे वायदे पूर्वी स्थानिक विनिमय केंद्रात होत. २००४ पासून ते राष्ट्रीय संगणकीय बाजारात सुरू झाले. वायदे बाजार आयोग २०१५ मध्ये ‘सेबी’त विलीन झाल्यापासून दैनिक भावमर्यादा व अनामतींवर तिचे नियंत्रण आहे. पाच टनांचा सौदा एक एकर हळद करणाऱ्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो; कारण तेवढ्या जमिनीत वाळलेली हळद सामान्यतः याहून कमी निघते. वायद्याचे संरक्षण त्यास मिळत नाही, परंतु बाजार समितीतील लिलावात त्याच्या मालाची बोली मात्र त्या दिवशीच्या वायद्याकडे पाहून लागते.