ट्रॉलीची पिन कुलपात ठेवा. रस्त्यावरचा जीव वाचवा

ऊस हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, वाळवा, पलूस या पट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस डबल ट्रॉल्या धावतात. ट्रॅक्टरच्या टायरकडे, डिझेलकडे, टोळीच्या उचलीकडे मालकाचं बारीक लक्ष असतं. पण एवढा सगळा बोजा ज्या एका लोखंडी पिनेवर ओढला जातो, तिच्याकडे कोण बघत नाही. ती पिन कुणी काढली, बदलली किंवा तिची खिट्टी उपसून नेली, तर मालकाला त्याचा पत्ता ट्रॉली सुटल्यावरच लागतो.

ट्रॉली चोरीला गेली तर पैशाचं नुकसान होतं. भरलेली ट्रॉली चढावर मागं सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हूक आणि पिनेची सुरक्षा म्हणजे चोरीचा बंदोबस्त आणि अपघाताचा बंदोबस्त, दोन्ही एकदम.

छेडछाड होते कुठं?

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त उभ्या असतात. चालक चहाला जातो, नाहीतर ट्रॅक्टरखाली सतरंजी टाकून झोपतो. तेवढ्यात कुणाची तरी पिन हरवलेली असते, तो शेजारच्या ट्रॉलीची काढून नेतो. खिट्टी तर पोरंसुद्धा खेळायला उपसतात. दुसरी जागा म्हणजे फड. तिथं ट्रॉली सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला जातो आणि ट्रॉली बांधावर एकटी राहते. तिसरी जागा आपलंच अंगण. हंगाम संपला की ट्रॉली वस्तीवर चार-पाच महिने उभी असते आणि तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही.

यात सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे पिन बदलली जाणं. मूळ पिन गेली की चालक घाईत जवळ पडलेली सळई किंवा बोल्ट घालतो आणि निघतो. हिशोब करून बघा. ३० मिमी जाडीच्या पिनेऐवजी २० मिमीचा गज घातला तर लोखंडाचा छेद निम्म्याहूनही कमी, म्हणजे साधारण ४४ टक्केच उरतो. डबल ट्रॉलीत वीस टनांच्या घरात ऊस असतो. खड्ड्यात हिसका बसला की असा गज आधी वाकतो, मग तुटतो. शिवाय बारीक गज मोठ्या भोकात खडखडतो, त्यामुळं भोकही लांबट होतं. मग नंतर नवी पिन घातली तरी ती नीट बसत नाही.

झिजलेल्या पिनेचंही तसंच. ३० मिमीची पिन मधे झिजून २५ मिमी झाली तर ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाली म्हणून समजा. पिनेवरून नख फिरवा. खाच लागली, पिन वाकलेली दिसली, की ती भंगारात टाका.

चालू गाडीसाठी काय करायचं?

१. डोक्याची पिन वापरा. पिनेला वर रुंद डोकं आणि खाली आरपार भोक पाहिजे. पिन नेहमी वरून खाली घाला. वरून घातली तर खिट्टी पडली तरी निदान वजनानं ती जागेवर राहायची शक्यता असते. खालून घातलेली पिन खिट्टीबरोबरच रस्त्यावर पडते.

२. खिट्टी कडीवाली घ्या. खालच्या भोकात तार किंवा खिळा वाकवून घालायची सवय सोडा. स्प्रिंगच्या कडीची लिंच पिन कुठल्याही ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात मिळते आणि फार महाग नसते. दोन जादा घेऊन टूलबॉक्समध्ये टाका. बारीक साखळीनं ती हुकाला बांधून ठेवली तर हरवतही नाही.

३. कुलूप लावायचं तर खिट्टीच्या जोडीनं लावा. पिनेच्या खालच्या टोकाला दुसरं भोक पाडलेलं असेल तर त्यात कुलूप घाला. खिट्टी काढून नुसत्या कुलपावर चालू नका. साधं कुलूप हादऱ्यानं सैल होतं, धूळ आणि उसाचा रस जाऊन जाम होतं. तोंडाला रबरी झाकण असलेलं, कडक पोलादाच्या कडीचं कुलूप घ्या आणि आठवड्यातून एकदा तेलाचे चार थेंब सोडा.

४. किल्ली चालकाजवळ असू द्या. मालकाच्या कपाटात ठेवू नका. ट्रॅक्टर कलंडला किंवा वाढ्यानं पेट घेतला तर ट्रॉली पटकन सोडवावी लागते. एक किल्ली चालकाकडं, दुसरी घरी.

५. सुरक्षा साखळी बसवा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि हीच बहुतेक ट्रॉल्यांना नसते. ट्रॉलीच्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी दोन साखळ्या घ्या आणि दांडीखालून फुलीसारख्या उलट्या नेऊन ट्रॅक्टरच्या मजबूत भागाला शॅकलनं जोडा. पिन गेलीच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही आणि ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटत नाही. वळणावर ताण येणार नाही एवढी ढील ठेवा, पण रस्त्याला घासेल एवढी नको. पुढच्या आणि मागच्या ट्रॉलीच्या मधेही अशीच साखळी पाहिजे. जास्त करून विसर पडतो तो तिथंच.

एक गोष्ट मात्र करू नका. चोरी होऊ नये म्हणून पिन हुकाला वेल्डिंग करून टाकायचा सल्ला काही जण देतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं कडक केलेलं पोलाद त्या जागी कमजोर किंवा ठिसूळ होतं आणि तडा बाहेरून दिसत नाही. शिवाय गरजेला ट्रॉली सुटत नाही ती वेगळीच.

उभ्या ट्रॉलीसाठी काय करायचं?

पिन काढून घरी नेली की ट्रॉली सुरक्षित, असा बऱ्याच जणांचा समज आहे. चोर येताना स्वतःचा ट्रॅक्टर आणतो, तसाच स्वतःची पिनही आणतो. म्हणून दांडीचा डोळाच अडवला पाहिजे. डोळ्यात बसेल असा आखूड जाड बोल्ट घाला. वर डोकं आणि खाली आडव्या भोकात कुलूप. डोळा भरलेला असला की दुसऱ्याची पिन त्यात जातच नाही. गावातला फॅब्रिकेशनवाला असा बोल्ट सहज करून देतो.

जोडीला जाड साखळी चाकाच्या रिममधून आणि चासीतून फिरवून कुलूप लावा. ट्रॉली उभी करताना दांडी भिंतीकडं किंवा झाडाकडं करा, म्हणजे हूक लावायला ट्रॅक्टर समोर येऊच शकत नाही. चाकाला पुढून-मागून दगड लावा. जॅक काढून घरात ठेवा. दोन ट्रॉल्या असतील तर एकीची दांडी दुसरीच्या खाली घालून दोन्ही एकाच साखळीत बांधा.

कागद आणि कायदा

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरला आहे. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आहे का, हे पॉलिसीवर वाचून खात्री करा. ट्रॉलीचा नंबर तिथं लिहिलेला नसेल तर अपघातानंतर भरपाईची भांडणं सुरू होतात.

दुसऱ्याच्या उभ्या गाडीच्या यंत्रणेत विनाकारण हात घालणं हा याच कायद्याच्या कलम १९८ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक हजार रुपये दंड आहे. ट्रॉली चोरीला गेली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. नुसती पिन-साखळी गेली आणि किंमत पाच हजारांच्या आत असली तर बहुधा अदखलपात्र नोंद होते. तरीही ती करून घ्या आणि प्रत जपून ठेवा. उद्या त्याच यार्डात मोठी चोरी झाली किंवा अपघात झाला तर ती नोंद उपयोगाला येते.

ट्रॉली गेल्याचं लक्षात येताच ११२ ला फोन करा. हद्द कुणाची यात वेळ घालवू नका. जवळच्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही लगेच कळवा. त्यासाठी चासी नंबरचा, नंबर प्लेटचा आणि ट्रॉलीच्या चारी बाजूंचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. रंग बदलला तरी ओळख पटावी म्हणून चासीच्या आतल्या बाजूला एखादी खूण कोरून घ्या.

निघण्याआधी दोन मिनिटं

यार्डातून, फडातून किंवा चहाच्या टपरीवरून, कुठूनही निघताना खाली उतरून एक फेरी मारायची. पिन आपलीच आहे का, खिट्टी जागेवर आहे का, साखळ्या अडकवल्या का, हायड्रोलिकचा पाईप नीट बसला का, जॅक वर घेतला का, मागचा रेडियम दिसतोय का. मग पहिल्या गिअरमध्ये चार हात पुढं घेऊन थांबायचं आणि हूक परत एकदा बघायचा. रात्री यार्डात गाडी थांबली असेल तर हे चुकवायचंच नाही.

चालकाला हे काम सांगताना मालकानं खिट्टी आणि साखळीचे पैसेही त्याच्या हातात द्यावेत. पिन मोडली म्हणून त्याची खेप कापली, तर पुढच्या वेळी तो कुणाला न सांगता सळई घालून निघेल. त्या सळईच्या मागं वीस टन ऊस आणि त्याच्याही मागं कुणाचं तरी पोरगं दुचाकीवर असेल.