गचका खाताना गाडीच्या पोटात काय घडतं?

कळवा नाक्याचा सिग्नल सुटतो. जुनी प्रीमियर पद्मिनी पुलाच्या चढाला लागते, पाय दाबला जातो आणि गाडी गचका खाते! पुढच्याच क्षणी सुरळीत पळते. ‘पिकअप घेत नाही, कार्बोरेटर साफ करा,’ असं कुणीही सांगेल. पण त्या क्षणभरात आत घडतं काय?

कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मिनिटाला 3,000 फेरे घेताना ते सेकंदाला 100 वेळा हवा ओढतं. दर खेपेला पेट्रोल किती लागतं? भर पिकअपलाही एका थेंबाहून कमी! आणि हे माप घेतं कोण? ना सेन्सर, ना चिप. कार्बोरेटरचा गळा मध्येच चिंचोळा केलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल आपसूक वर खेचलं जातं. इटलीच्या व्हेंच्युरी या शास्त्रज्ञाने चिंचोळ्या वाटेचा हा प्रताप 1797 मध्येच मांडला होता. पेट्रोलवरची मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आता पाय झटकन दाबा. थ्रॉटलची झडप उघडते, हवा घुसते. पेट्रोल मात्र हवेच्या सहाशेपट जड! लोकल दिसताच रिकाम्या हाताचा माणूस जिना उतरून धावतो आणि बोचकंवाला मागे राहतो, तसं ते मागे पडतं. शिवाय थोडं पेट्रोल नळीच्या भिंतींनाच चिकटतं. सिलिंडरपर्यंत नुसती हवाच जास्त पोचते, ठिणगी पडूनही नीट पेट घेत नाही. हाच तो गचका.

यावरचा उतारा किती सुंदर आहे पाहा! अनेक कार्बोरेटरांत अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. पाय दाबताच रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, ढकलला जातो आणि पेट्रोलची जादा पिचकारी थेट गळ्यात उडते. पाय दाबून होण्याआधीच मागणी पुरी!

असा पंप असेल, तर गचका आला की आधी हीच पिचकारी तपासावी. इंजिन बंद आणि थंड, विडी-सिगारेट दूर. एअर फिल्टर काढा, बॅटरीच्या उजेडात गळ्यात बघत थ्रॉटलचा दांडा हलवा. धार आलीच नाही, किंवा उशिरा, तुटक आली, तर बहुधा डायफ्राम फाटलाय, पिचकारीचं बारीक भोक तुंबलंय किंवा पंपाच्या झडपेतली गोळी अडकलीय. जुनं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने लवकर खराब होतं, म्हणून नवा डायफ्राम घेताना इथेनॉल सोसणाराच मागा.

धार लगेच आणि भरदार आली, तर पंप निर्दोष. मग जेटची साफसफाई, मॅनिफोल्डचं गॅस्केट, पॉइंटची गॅप आणि टायमिंग बघा. पंप उगाच खोलू नका.