उत्सर्ग समिती आणि वापरलेली सुई

1998 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात कॅरेन डेली या अनुभवी परिचारिकेने रुग्णाचे रक्त काढून सुई नियमाप्रमाणे पेटीत टाकली. त्या पेटीतून आधीची एक सुई वर डोकावत होती. ती त्यांच्या बोटात शिरली. काही महिन्यांनी त्यांना एचआयव्ही व हिपॅटायटिस सी या दोन्हींची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. रुग्णसेवा सुटली, परंतु त्यांनी हा प्रश्न लावून धरला. 2000 साली अमेरिकेत सुरक्षित सुयांसाठी कायदा झाला, त्यात त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता.

बाधित रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात 30 पर्यंत असते. एचआयव्हीची हजारात सुमारे 3. हिपॅटायटिस बीवर तीन मात्रांची लस आहे, हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना अनेक अपघात घडतात. भारतातील 2016च्या नियमांनुसार अशा सुया न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात टाकाव्या लागतात. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

सुई टोचलीच, तर जखम न पिळता वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि तत्काळ डॉक्टरांना गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात.

हा विषय केवळ रुग्णालयांचा नाही. मधुमेहामुळे घरोघरी इन्सुलिन घेतले जाते आणि ती सुई कचऱ्याच्या पिशवीतून सफाई कामगाराच्या हाती जाते. जैन आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. वस्तू उचलता-ठेवताना जपावे, ही आदाननिक्षेप समिती. टाकाऊ ते कोणत्याही जीवाला बाधा न होईल अशा जागी टाकावे, ही उत्सर्ग समिती. साधूंसाठी असलेला हा विवेक श्रावकाच्या घरातही शोभतो. जाड प्लास्टिकच्या डब्यात सुया साठवून, झाकण घट्ट लावून, तो डबा वेगळा सोपवावा, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.

समाजाच्या दवाखान्यांना यंत्रे व खाटा दान करणारे हात उदार आहेत. त्याच दानातून तेथील परिचारिकेची लस आणि सफाई कामगाराचे जाड हातमोजे आले, तर ते अभयदानच ठरेल.