डुमना : पायी फिरता येणारं रान

जबलपूरला आलेला मराठी पर्यटक सहसा दोनच गोष्टी करतो. भेडाघाटला जाऊन धुआंधार धबधबा पाहतो आणि मग कान्हाच्या जंगलाचा रस्ता धरतो. विमानाने आला असेल, तर शहरात शिरतानाच एक जंगल मागे टाकून पुढे जातो. डुमना विमानतळाच्या वाटेवरचं हे डुमना नेचर रिझर्व्ह. क्षेत्र १०५८ हेक्टर, आणि कारभार पाहते जबलपूर महानगरपालिका. नळ, गटारं नि कचरा सांभाळणाऱ्या संस्थेने चितळांचे कळपही सांभाळावेत, हे आपल्याकडे विरळच.

याचं मूळ पाण्यात आहे. शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून १८८३ मध्ये इथे खंदारी जलाशय बांधला गेला. तलाव गाळाने भरू द्यायचा नसेल, तर पाणलोटातली झाडी तोडून चालत नाही. निसर्गप्रेमाआधी तहानेने राखलेलं रान, असं याला म्हणायला हरकत नाही.

कान्हात परवाना काढा, गाइड घ्या, जिप्सीत बसा आणि ठरावीक थांब्यांखेरीज खाली उतरू नका. तिथे वाघ आहे, तेव्हा ते योग्यच. पण चार तास गाडीत बसून पाहिलेल्या रानाचा वास नाकात बसत नाही, पायांना तर ते कळतच नाही. डुमन्यात पायी हिंडता येतं, सायकल चालवता येते. चितळ, रानडुक्कर, कोल्हा दिसू शकतात; साळिंदर मात्र रात्रीचा प्राणी, त्याचे गळालेले काटे मिळाले तरी नशीब. पक्षी भरपूर. मुलांसाठी टॉय ट्रेन आहे, झुलता पूल, बोटिंग, राहायला तंबू, गळ टाकून बसायला तलावाकाठी ओटे. टॉय ट्रेन जंगलात कशाला, असा प्रश्न मला पडतो. पण तिच्या ओढीने आलेलं पोर चितळ पाहून परतत असेल, तर तक्रार नाही.

नियमांपैकी एक अगदी शब्दशः पाळायचा : पाण्यात उतरायचं नाही. खंदारीत मगरी आहेत. जबलपूरकरांना याचं नवल नाही. जवळच्या परियट नदीतल्या मगरीही त्यांच्या ओळखीच्या. काठावर पाय सोडून सेल्फी काढणं हे धाडस नव्हे, अडाणीपणा आहे. बिबट्याचाही वावर असतो, म्हणून अंधार पडायच्या आत परतावं आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नये. मगर आणि बिबट्या दोघेही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे.

चितळाला बिस्किट देणारा स्वतःला दयाळू समजतो. प्रत्यक्षात तो त्या जनावराला माणसामागे, पर्यायाने रस्त्यावर आणि गाड्यांखाली जायची सवय लावतो. विमानतळ वाढला आहे, मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. रस्त्यावरची वर्दळही त्याबरोबर वाढणारच. शहराला खेटून असलेल्या रानाला बंदुकीपेक्षा रहदारीचं भय जास्त.

तेव्हा कान्हाला निघण्याआधी एक सकाळ डुमन्याला द्या. बोटिंग आणि तंबू सुरू आहेत का, ते आधी विचारून घ्या. खाण्याची पुडकी आणि स्पीकर गाडीतच ठेवा, दुर्बीण मात्र विसरू नका.