जयगडचं दल

कॉमिक्समधला वेताळ सगळ्यांच्या लक्षात आहे. कवटीची अंगठी, पांढरा घोडा, घनदाट जंगलातली ती गुहा. पन्नाशीच्या आसपासच्या कुणाहीपुढे नुसतं नाव काढा, समोरचा माणूस सरसावून बसतो. मँड्रेक आणि त्याचा लोथार आठवतात. बहादूरला जरा वेळ लागतो, पण मग कुणीतरी म्हणतंच, "भगव्या कुर्त्यातला आणि जीन्समधला तो ना?" पण बहादूरनं गावोगावची माणसं जमवून जे नागरिक सुरक्षा दल उभं केलं होतं, त्याविषयी विचारलं की सगळे गप्प होतात.

गेल्या हिवाळ्यात फैजपूरला गेलो होतो. मळ्यात भरिताचा बेत होता. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी बडगीत ठेचली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या आणि शाळेतले सहा मित्र आणि मी कित्येक वर्षांनी एका सतरंजीवर बसलो होतो. मी दलाचा विषय काढला. पाच जणांना काही आठवेना. सहावा जाळाकडे बघत होता, तो म्हणाला, "भो, लाखन होता ना रे त्याच्यात?" त्या एका नावानं मला हा लेख लिहायला बसवलं.

आमच्या पिढीला कॉमिक्स म्हणजे आधी इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९०पर्यंत तिचे आठशेहून अधिक अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांबरोबर ती मराठीतही यायची. पुढे 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै सुरुवातीच्या काळात याच कामात होते. ली फॉकनं अमेरिकेत वेताळाला जन्माला घातलं ते १९३६च्या फेब्रुवारीत, वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्टीतून. मूळ कथांमधल्या त्याच्या देशाचं नाव आपल्या बंगालशी जुळायचं, म्हणून इंद्रजालनं त्याचं 'डेंकाली' केलं. नकाशात कुठंही नसलेला तो देश आम्हाला मात्र पाठ होता.

फैजपुरात इंद्रजाल विकत घेणारं घर एखादंच. बाकीच्यांसाठी वहीपेन्सिलीचं एक दुकान होतं. दुकानात सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स मधोमध उघडून टांगलेली असायची. रोजाचे चार आणे. तिथंच फळीवर बसून वाचलं तर दहा पैसे. अंक शंभर हातांतून गेलेला असायचा. पिनांना गंज चढलेला, गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानावरच्या वेताळाच्या छातीवर उतरलेला, कोपरे गोल झालेले, मुखपृष्ठाला आतून चिकटपट्टी. शेवटचं पान नसेल तर दुकानदार गोष्टीचा शेवट तोंडी सांगत. पुढं खरं शेवटचं पान हाती लागलं तेव्हा कळलं की ते बहुतेकदा स्वतःच शेवट रचून सांगायचे. मला त्यांचे शेवट अजूनही जास्त आवडतात.

वेताळावर आमचा जीव होता. पण आमच्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारी तडवी आदिवासी मुलं होती. त्यांच्यातला एक माझ्याच बाकावर बसायचा. वेताळाचा अंक वाचून परत देताना त्यानं एकदा विचारलं, "जंगलातल्या लोकाइले सोताची राखण करता येत नाही का रे? हा गोरा कायले पाहिजे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. चारशे वर्षं एकच गोरं घराणं काळ्या माणसांचं रक्षण करतं आणि ती माणसं सिंहासनाभोवती भाले घेऊन उभी राहतात, ही त्या सुंदर चित्रांतली गोम माझ्या मित्राला दहाव्या वर्षी दिसली होती. मोठ्या समीक्षकांनी पुढं यावर पुष्कळ लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा मला त्या बाकाची आठवण झाली.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर इंद्रजालमध्येच होतं, फक्त आम्हाला ते उशिरा सापडलं. १९७६मध्ये आबिद सुरतींनी इंद्रजालसाठी बहादूर लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी तो चित्रांत उतरवला. इंद्रजालला आता आपल्या मातीतला नायक हवा होता. सुरतींनी तो चंबळच्या खोऱ्यातून आणला. चारच वर्षांपूर्वी, १९७२मध्ये, जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती; त्याआधी १९६०मध्ये विनोबा त्याच खोऱ्यात पायी फिरले होते. बहादूर हा त्याच काळाचा मुलगा. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. मुलाच्या डोक्यात सूड. ज्या पोलीस अधिकाऱ्यानं बापाला मारलं त्या विशालनंच त्याला वाढवलं आणि बापानं किती घरं उजाड केली ते दाखवलं. मुलानं सूड सोडला आणि जयगडमध्ये दल उभं केलं.

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण ही गोष्ट साधी वाटते पण साधी नाही. बहादूरकडं कुठलीच दैवी शक्ती नव्हती. मुखवटा नव्हता, गुहा नव्हती. त्याच्याकडं माणसं होती: बेला, लाखन, मुखिया आणि गावची साधी मंडळी. डाकू येणार असं कळलं की वेताळ एकटा निघतो; बहादूर आधी माणसं गोळा करतो. चौकटींत गर्दी दिसायची. कुठं पटका बांधलेला म्हातारा, कुठं काठी घेतलेला पोरगा, कुठं दाराआडून बघणारी बाई. अमेरिकेत सुपरहिरोंच्या टोळ्या बनल्या त्या आधीच बलवान असलेल्या माणसांच्या. जयगडचं दल दुबळ्यांचं होतं आणि एकत्र आल्यावरच त्याच्यात बळ येत होतं. बहादूरच्या पुढच्या कथांमध्ये ही गर्दी कमी होत गेली, तो शहरी गुन्हेगारांच्या मागं धावू लागला, आणि माझ्या मते तिथंच ती मालिका उणावली.

फैजपूरच्या पोरांना हे दल परकं वाटलं नाही, याला कारण आहे. ज्या १९३६ साली तिकडं वेताळ जन्मला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या गावात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या साध्या वस्तूंतून उभारलेलं टिळकनगर. अध्यक्षांची बैलांच्या रथातून मिरवणूक. धनाजी नाना चौधरींसारखी माणसं राबली, साने गुरुजी त्यासाठी खानदेशभर हिंडले. माझे आबा तेव्हा सोळा-सतराचे, स्वयंसेवक. त्यांनी नेहरूंचं भाषण ऐकलं होतं, पण ते सांगायचे पाण्याविषयी: कुठल्या विहिरीवरून किती हंडे आले, रात्री कंदील घेऊन कोण कोण पहाऱ्याला होतं, त्यांची नावं. सगळी नावं. मी बहादूरचा अंक त्यांना दाखवला तेव्हा चष्मा पुसून त्यांनी तो पानागणिक पाहिला आणि म्हणाले, "आमचंबी असंच होतं. काठ्या होत्या, बंदुका नव्हत्या."

मग आमचं दल निघालं. पाच जण, त्यात तो बाकावरचा मित्र. ठिकाण काकांची केळीची बाग. केळीच्या बागेत दुपारी बारालाही हिरवा अंधार असतो, पाय ओल्या गाळात रुततात, वाळलेली पानं अंगाला घासून खरखरतात. आमचा पहारा होता घडांवर. रात्री घड कापून नेण्याचे प्रकार व्हायचे. आम्ही कुणालाच पकडलं नाही. एकदा मात्र पाटाचं पाणी फुटलेलं आम्हाला आधी दिसलं आणि आम्ही पाचांनी चिखल दाबून ते बांधलं, सालदार येईपर्यंत. त्या दिवशी बहादूरचा अंक माझ्या कमरेला खोचलेला होता. त्यावर केळीचा चीक सांडला. केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो, दुसऱ्या दिवशी काळपट होतो आणि मग कशानंही निघत नाही. सदऱ्यासाठी मार बसला. अंकावरचा डाग राहिला.

इंद्रजाल संपलं ते टीव्हीमुळं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. १९८७मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत, हे मी पाहिलं आहे. पण त्याच वर्षांत दिल्लीच्या राज कॉमिक्सची हिंदी कॉमिक्स आम्ही वेड्यासारखी वाचत होतो. इंद्रजालचा मोठा भाग परदेशी पट्ट्यांवर चालायचा. मुलांना आता आपली माणसं हवी होती.

सावदा, निंभोरा, रावेर. या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी दिल्लीकडं जायच्या. भुसावळ जंक्शन जवळ, पलीकडं बऱ्हाणपूर, त्यामुळं हिंदी आमच्या कानाला सवयीचं. आमच्याकडून केळी दिल्लीला जायची आणि दिल्लीहून भुसावळच्या फलाटावरच्या स्टॉलमार्गे नागराज, ध्रुव यायचे. त्या दुकानाच्या सुतळीवर मराठी इंद्रजालच्या शेजारी हिंदी अंक लटकू लागले आणि वर्षभरात सुतळी त्यांचीच झाली.

गंमत अशी की दिल्लीहून येणाऱ्या त्या नागराजला पहिलं रूप देणारा हात पुण्याचा होता. प्रताप मुळीक यांनी १९८६च्या नागराजची चित्रं काढली, त्याआधी 'अमर चित्र कथे'साठी असंख्य. पुराणातल्या वीरांची पिळदार अंगकाठी त्यांनी हिरव्या कातडीच्या नागराजला दिली. कदम स्टुडिओनं भोकाल रंगवला. 'अमर चित्र कथे'च्या पहिल्या 'कृष्णा'चे चित्रकार राम वाईरकर. मराठी माणसांनी हिंदुस्थानातल्या मुलांसाठी वीरांच्या फौजा काढल्या, पण मराठीत वीरांची एकही टोळी उभी राहिली नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड आणि झुंजार होते, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. ते सगळे शब्दांतले. १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये चिंटू आणि त्याची मित्रमंडळी आली, ती घरगुती आणि गोड. पण अंगावर काटा आणणारं, रात्री उशीखाली ठेवावं असं मराठी चित्रकथेचं दल आपण आपल्या मुलांना दिलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. चित्रकार होते, वाचक होते, दिवाळी अंकांचे रंगीत छापखाने होते. प्रकाशकांचं धाडस मात्र झालं नाही.

राज कॉमिक्समध्ये जयगडच्या दलाचा धागा मला सुपर कमांडो ध्रुवमध्ये सापडला. अनुपम सिन्हांचा हा नायक सर्कशीत वाढलेला, त्याच्याकडंही शक्ती नाही. डोकं, कसरत आणि पशुपक्ष्यांची भाषा. त्यानं कमांडो फोर्स उभी केली, त्यात पीटर, रेणू, करीम. तीन धर्मांची तीन तरुण मुलं, एकाच गणवेशात, आणि त्यावर कुठंही भाषण नाही. १९९२-९३च्या दंगलींच्या त्या थंडीत, जेव्हा आमच्याही भागात माणसं एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघत होती, तेव्हा करीम पीटरला दोरीनं वर ओढतोय, असं काही पाहत आम्ही बसलेलो असायचो. त्याचं मोल तेव्हा कळत नव्हतं.

पुढं नागराज, ध्रुव, परमाणु, तिरंगा, शक्ती असे सगळे एकत्र येऊन 'ब्रह्मांड रक्षक' झाले. 'कोहराम', 'जलजला' असे जाडजूड विशेषांक निघाले. ज्यांचं बालपण त्यात गेलं त्यांचा आनंद मी समजू शकतो. मला मात्र त्यात माणूस दिसेना. पानभर स्फोट, पंधरा नायक, आणि खाली शहरात राहणारी माणसं एका चौकटीत पळणाऱ्या ठिपक्यांएवढी. जयगडमध्ये तेच ठिपके काठ्या घेऊन पुढं यायचे.

बहादूरच्या जन्मदात्याची पुढची हकिगत मला फार उशिरा कळली. आबिद सुरतींनी २००७मध्ये मीरा रोडला 'ड्रॉप डेड' नावाची संस्था सुरू केली. संस्था म्हणजे बहुतेक ते स्वतःच. रविवारी एक प्लंबर सोबत घेऊन इमारतीतल्या दारोदारी जायचं, गळके नळ विचारायचे आणि फुकट दुरुस्त करून द्यायचे. वय सत्तरीच्या पुढं. ज्यानं जयगडचं दल कागदावर उभं केलं तो म्हातारपणी पाना-वॉशर घेऊन जिने चढत होता. हे वाचलं तेव्हा मला पाटाचं फुटलेलं पाणी आठवलं.

माझी कॉमिक्स एका दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेली. पत्र्याच्या पेटीत, आबांच्या कागदांखाली, एकच अंक उरला होता, तो चिकाचा डाग पडलेला. भरिताच्या त्या रात्रीनंतर आठवड्यानं मी तो घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला मित्राच्या गावी गेलो. त्याच्या गावात ग्रामसुरक्षा दल आहे आणि पहाऱ्याची पाळी त्या रात्री त्याची होती. गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी. ओट्यावर बसून त्यानं बॅटरीच्या उजेडात पानं उलटायला सुरुवात केली, एकेका चौकटीवर बोट ठेवत, लाखन कुठं आहे ते शोधत.