चर्चगेटमधलं ‘चर्च’ मुलांना दाखवताना

चर्चगेट स्थानकाचं नाव ज्या चर्चवरून पडलं, ते सेंट थॉमस कॅथेड्रल फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलजवळ आहे.

● वय : पाया १६७६ मध्ये घातला गेला, पण काम रखडलं. चर्च खुलं झालं १७१८ च्या नाताळात.

● नावाची गोष्ट : मुंबईच्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून चर्चकडे वाट जायची, तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली; नाव मात्र स्थानकाला राहिलं.

● शून्य मैल : जुन्या मुंबईत अंतरं इथूनच मोजत. रोमन आकडे कोरलेले तेव्हाचे काही मैलाचे दगड आजही रस्त्याकडेला दिसतात. मुलांना ते शोधायला सांगा.

● आत काय पाहाल : रंगीत काचांच्या खिडक्या आणि संगमरवरी स्मारकं. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं स्मारक आवर्जून दाखवा. बालहत्येची प्रथा थांबवण्यासाठी त्यांनी प्रयत्न केले होते.

● निघण्याआधी : प्रार्थनेच्या वेळा टाळा, फोटोसाठी परवानगी विचारा. हे आजही श्रद्धेचं ठिकाण आहे. देवळात जसं हळू बोलतो तसंच इथेही, एवढं सांगितलं की मुलांना नेमकं कळतं.